लोलाच्या अंगणात सोनकांबळे

टेबलावर पांढरीशुभ्र चादर होती, काचेच्या बशा होत्या, काटेचमचे होते, आणि खायला काहीही नव्हतं.

टेबलाच्या एका बाजूला मी, माझी बायको शैला आणि आमचे सोनकांबळे. समोर मुलीचे, म्हणजे लिगायाचे, वडील, आणि मधोमध काळ्या लाकडाच्या उंच पाठीच्या खुर्चीत तिची आजी. त्यांच्याकडे आजीला लोला म्हणतात. फिलिपिन्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं जुनं गाव, समुद्राकडे तोंड केलेलं दगडी घर, जानेवारीतली दुपार. आम्ही सगळे एकमेकांकडे बघून हसत होतो. हसून झालं की खिडकीकडे बघत होतो. मग पुन्हा हसत होतो.

मी मात्र आतून खुशीत होतो. आमच्या खानदानात मुलीच फार, त्यामुळे लग्न म्हटलं की मी कायमचा मुलीकडचा. मांडवाच्या दारात हात जोडून उभं राहायचं आणि कुणाच्या तरी मावसकाकांना चहा कोमट मिळाला म्हणून माफी मागायची, एवढाच माझा अनुभव. आयुष्यात पहिल्यांदा मी मुलाकडचा झालो होतो. कॉव्हेंट्रीहून निघतानाच ठरवलं होतं की फार अपेक्षा ठेवायच्या नाहीत, पण मानपान कसा असतो ते एकदा अंगावर घेऊन बघायचं. त्यामुळे बशा रिकाम्या दिसल्या तरी मी भारदस्तपणे बसून राहिलो. होतो उशीर. मुलीकडचे गडबडतातच.

शेवटी लिगाया माझ्या खुर्चीमागे आली आणि कानाशी वाकली.

"दादा," ती म्हणाली. तेवढा एक शब्द सोनकांबळ्यांनी शिकवलेला, पुढचं सगळं इंग्रजीत. "फूड गाडीत राहिलंय का?"

"कुठलं फूड?"

"तुमचं. मुलाकडचे घेऊन येतात ना, मागणी घालायला येताना! भात, मासे, डुक्कर, केक. लोलानं सकाळपासून काही खाल्लं नाहीये, तुमच्यासाठी."

माझ्या बॅगेत शॉर्टब्रेड बिस्किटांचा एक डबा होता. झाकणावर किल्ल्याचं चित्र. तो मी मनिलाहून येताना बसमध्ये अर्धा संपवला होता. तोच काढून लोलापुढे ठेवला. तिनं झाकण उघडलं, आतल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि झाकण लावून टाकलं.

ज्या माणसाच्या लग्नाची बोलणी मी अशी सुरू केली, त्या माणसाबद्दल आधी सांगायला हवं.

यशवंत सोनकांबळे आणि मी कॉव्हेंट्रीत एकाच कारखान्यात होतो. मी ड्रॉइंग ऑफिसात, ते टूलरूममध्ये. मी कागदावर रेघ मारायची आणि ती पोलादात उतरत नाही असं त्यांनी वर येऊन सांगायचं, अशी आमची ओळख. बुटका, रुंद माणूस. केस मागे चोपून बसवलेले, बुटात तोंड दिसावं अशी चकाकी, आणि ओव्हरऑलच्या आत टाय. टायचं टोक शर्टाच्या दोन बटणांमध्ये खोचलेलं, कारण मशीनला टायचं कौतुक नसतं. त्यांचं मराठी नांदेडकडचं आणि इंग्रजी पक्कं कॉव्हेंट्रीचं. संध्याकाळी गेटवर निरोप घेताना 'टा-रा अ बिट' म्हणत, आणि ते इतकं झोकात म्हणत की स्थानिक गोरेसुद्धा वळून बघत.

माझ्यापेक्षा ते बरेच लहान, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी सवयीनं 'काय रे' म्हणालो. त्यांनी शांतपणे विचारलं, "दोघांनी तू म्हणायचं का दोघांनी तुम्ही? तुमची इच्छा. पण एकच काहीतरी ठरवू." मी घाबरून 'तुम्ही' ठरवलं. आज लिहितानाही एकेरी येत नाही. मला ते नुसतं देशपांडे म्हणत. मिस्टरही नाही आणि साहेब तर कधीच नाही. "साहेब आमचे एकच," असं म्हणून त्यांनी एकदा त्यांच्या फ्रंट रूममधल्या तसबिरीकडे बोट केलं होतं. निळा कोट, गोल चष्मा, हातात पुस्तक.

टूलरूममध्ये चहाची पद्धत अशी की एकानं सगळ्यांचा करायचा. सोनकांबळे नवीन असताना त्यांच्या फोरमननं लांबूनच हाक मारली, "मेक अस अ ब्रू, लॅड." सोनकांबळे मशीन बंद करून त्याच्यापाशी गेले. "माझी पाळी आहे का?" फोरमन म्हणाला, पाळी कसली, तू नवा आहेस. "पाळी असेल तर करतो. हुकूम असेल तर नाही." तो आठवडाभर कुणी त्यांच्याशी बोललं नाही. पुढच्या सोमवारी भिंतीवर पाळ्यांचा कागद लागला, आणि त्यात फोरमनचंही नाव होतं. सोनकांबळ्यांची पाळी आली की ते असा चहा करत की ड्रॉइंग ऑफिसातले लोक खाली काही ना काही काम काढत. मीही काढत असे.

दुसरी गोष्ट पहिल्या रांगेची. आमच्या मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये असे. सोनकांबळे कितीही उशिरा आले तरी सरळ चालत पुढे जाऊन पहिल्या रांगेत बसायचे. एकदा ती रांग पाहुण्यांसाठी ठेवली होती. एक कार्यकर्ता अदबीनं म्हणाला, "भाऊ, जरा मागे बसता का?" सोनकांबळे म्हणाले, "मागं बसायची सवय आमच्या घराला फार होती. मोडलीय आता. पुन्हा नका लावू." पाहुणे आले आणि त्यांच्या शेजारी बसले. मध्यंतरापर्यंत दोघांचं इतकं जमलं की पाहुण्यांनी भाषणात सोनकांबळ्यांचे आभार मानले आणि अध्यक्षांचे विसरले. आमचे अध्यक्ष महिनाभर माझ्याशी अबोला धरून होते. माझ्याशी का, ते मला अजून कळलेलं नाही.

लिगाया भेटली ती बोट कापल्यामुळे. कॅज्युअल्टीत ती नर्स होती, तिनं टाके घातले. सोनकांबळ्यांनी वरच्या खिशातली पट्टी काढून टाके मोजले आणि म्हणाले, "अंतर सारखं नाही." ती म्हणाली, "दुसरा हात मोकळा आहे ना तुमचा? उसवून स्वतः घाला." एवढंच. पण टाके काढायची तारीख येईपर्यंत ते रोज मला विचारत होते की टाका नीट बसला नसेल तर लवकर दाखवायला गेलेलं चालतं का.

वर्षभरानं एका रविवारी ते टाय लावून आमच्याकडे आले आणि चहा न घेता बोलायला लागले.

"देशपांडे, वैनी, माझ्याकडून तुम्ही दोघं चलाल का? आई नाही. बाप गाव सोडत नाही. लिगायाची आई ती लहान असताना गेली, आजीनं वाढवलंय. आजी हो म्हणाली तर लग्न, नाही म्हणाली तर नाही. लिगायानं मला सांगूनच ठेवलंय. मला नाही दुसरी कोणी करायची. तिकडं जाऊन मोठ्या माणसांनी रीतसर विचारायला पाहिजे, आणि माझी मोठी माणसं इथं तुम्हीच."

"आणि धर्माचं काय?" मी विचारलं.

"चर्चमध्ये लग्न करीन. धर्म बदलणार नाही. आमच्या घरानं एकदा बदललाय, विचार करून. सारखा सारखा नसतात बदलत."

मी म्हणणार होतो की बघू या, रजेचं जमतंय का. शैला म्हणाली, "कधी निघायचं?"

निघायच्या आधी लिगायानं विचारलं होतं, "तुमच्याकडे अशी मागणी घालतात ना?" आम्ही म्हणालो, घालतात की! तिला वाटलं पद्धत तीच. आम्हालाही वाटलं तीच. म्हणून ती रिकाम्या बशांची दुपार.

डब्याचं झाकण लावून लोला बराच वेळ तिच्या भाषेत बोलत राहिली. लिगायाचा चेहरा उतरत गेला.

"लोला म्हणते, पूर्वी आमच्याकडे मुलगा मुलीच्या घरी येऊन राबायचा. पाणी भरायचा, लाकडं फोडायचा. घरचे बघायचे, माणूस कसा आहे. आता कुणी करत नाही. माझ्या मैत्रिणींचे नवरे केक आणून मोकळे झाले. पण लोला म्हणते, या मुलाचं गाव आम्हाला माहीत नाही, आईबाप पाहिले नाहीत, आणि जे बरोबर आलेत ते…"

"ते काय?" शैलानं विचारलं.

"ते अर्धा डबा घेऊन आलेत." लिगायानं माझ्याकडे बघायचं टाळलं. "रविवारी चर्चमधल्या मासनंतर ती उत्तर देईल. तोपर्यंत यशनं पाणी भरायचं आणि मागच्या अंगणातली लाकडं फोडायची. रविवारचं जेवण त्याच लाकडांवर शिजेल. हो म्हणाली तर."

मी हुश्श केलं. मला वाटलं, एवढंच ना! टूलरूमचा माणूस, दंड असे भरदार, अर्ध्या दिवसाचं काम. मी हसत सोनकांबळ्यांकडे वळलो आणि हसू आवरलं. त्यांचा रंग गेला होता. कॉव्हेंट्रीत जानेवारीत बसची वाट बघताना होतो तसा.

त्या गावात संध्याकाळी सगळे समुद्राच्या कडेनं चालतात. रस्ते दगडी, घरं खाली दगडाची आणि वर लाकडाची, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ चकत्या. ख्रिसमस होऊन गेला होता तरी दारोदार कागदी चांदण्या लटकत होत्या. घोडागाडीच्या टापा सोडल्या तर आवाज नाही. एवढं शांत गाव, पण सोनकांबळे मात्र भिंतीवर बसून समुद्राकडे पाठ करून बोलत होते.

"लाकडं फोडणार नाही मी."

"अहो, रीत आहे त्यांची. पाळी आली असं समजा."

"पाळी? तुमची कधी येते मग, देशपांडे?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"आमच्या गावात पाटलाकडं लग्न निघालं की बापाला हाक यायची. जळण फोडायला. चार गावं जेवायची, तेवढं जळण. त्याचं काही मिळायचं नाही, उरलेलं अन्न मिळायचं. मांडवाच्या बाहेर. तसल्याच एका लग्नात बाप लाकडं फोडत होता आणि इकडं आई बाळंत झाली. माझी थोरली बहीण. जन्मली आणि संध्याकाळच्या आत गेली. बापाला निरोप गेला होता. मधल्या माणसानं दिला नाही, लाकडं राहिली असती म्हणून. मी शाळा शिकायला निघालो तेव्हा बापानं एकच सांगितलं, दुसऱ्याच्या लग्नाची कुऱ्हाड धरू नको." ते थांबले. "म्हणजे मी धरणार नाही."

"हे लिगायाला माहीत आहे?"

"नाही."

"मग सांगा ना तिला! ती लोलाला सांगेल, लोला समजून घेईल."

"काय बोलूलालाव तुम्ही!" चिडले की त्यांचं नांदेड बाहेर यायचं. "सांगितलं तर ती म्हातारी अरेरे म्हणेल. बिचारा म्हणून द्या म्हणेल पोरगी. बिचारा म्हणून नको मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाणी मात्र भरायला घेतलं. घराला नळ होता, पण प्यायचं पाणी लोला चर्चसमोरच्या विहिरीचंच घ्यायची. मी बरोबर गेलो, म्हणजे मागे मागे. विहिरीच्या कठड्याशी जाऊन सोनकांबळे उभे राहिले. दोर हातात, बादली हातात, आणि नजर चारी बाजूंना. कुणाच्या तरी ओरडण्याची वाट बघावी तशी. एक बाई कपडे धुवायला पाणी काढत होती, तिनं सरकून जागा दिली. पलीकडे एक म्हातारा दात घासत होता. बाकी कुणाला काही घेणंदेणं नव्हतं. त्यांनी बादली सोडली. ती पाण्यावर आपटल्याचा आवाज आला तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.

स्वयंपाकघरात लोलाचे मोठे मातीचे रांजण होते. पहिली खेप ओतली, तर लोला नारळाच्या करवंटीचा डाव घेऊन आली, रांजणात बुडवला आणि तिथंच उभ्याउभ्या घटाघटा प्यायली. हनुवटीवरून ओघळलेलं मनगटानं पुसलं. तिला तहान लागली होती, बस. सोनकांबळे मात्र रिकाम्या बादल्या धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग वळले आणि इतक्या झपाट्यानं विहिरीकडे गेले की मला धावावं लागलं.

त्यानंतर ते थांबेनात. रांजण भरले, घागरी भरल्या, न्हाणीतलं पिंप भरलं. लिगायाच्या वडिलांनी, तातांग म्हणत त्यांना सगळे, कोंबड्याच्या पाण्याचं भांडं पुढे केलं तर तेही भरलं. शेजारणीची दोन पिंपं भरली. घरातली पातेली संपली. मी कौतुकानं शैलाला म्हणालो, बघ, कसं मनावर घेतलंय. शैला म्हणाली, "लाकडांकडे बघा जरा."

मागच्या अंगणात ओंडक्यांचा ढीग तसाच होता. शेजारी कुऱ्हाड. सोनकांबळे पाणी घेऊन येता-जाता त्या ढिगाला वळसा घालून जात.

मग मीच एक युक्ती काढली. मुलाकडचा मीही आहेच की! कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि कुऱ्हाड हाणली. ती ओंडक्यात रुतली. ओढली तर ओंडक्यासकट वर आली. सोडवायला पाय दिला तर पायातला बूट निसटून कोंबड्यावर पडला. तो कोंबडा झुंजीचा होता हे मला मागाहून कळलं, पण त्याला तेव्हाच माहीत होतं. लोला वरच्या खिडकीत होती. ती काहीतरी बोलली.

"काय म्हणाली?" कोंबड्यापासून सुरक्षित झाल्यावर मी लिगायाला विचारलं.

"लग्न ज्याचं आहे त्यानं फोडायची, म्हणाली. आणि तुमच्या पत्नीला विचारलंय, तुमच्या वेळी तुम्ही काय फोडलं होतं."

शनिवारी दुपारी लिगायाचा धीर संपला. आम्ही वरच्या खोलीत होतो, ते दोघं खाली अंगणात. खिडक्या उघड्या असल्यावर ऐकू येणारच, आणि शैलानं मला खिडकीपासून हलू दिलं नाही, का स्वतः हलली नाही, ते आता आठवत नाही.

"फ्यू लॉग्ज, यश! वॉर्डात मी अनोळखी माणसांची घाण काढते. माझी इज्जत जाते का त्यात?"

"ते तुझं काम आहे. तुला नर्स म्हणतात. तुला तुझ्या नावानं हाक मारतात."

"आणि इथं तुला कोण काय म्हणालं?"

"कोणी काही नाही."

"मग?"

त्यांनी रिकामी बादली उचलली. ती वाट अडवून उभी राहिली. मग म्हणाली, "उद्या ती नाही म्हणाली तर मी तुझ्याबरोबर परत येणार नाही. रजा वाढवून इथंच थांबेन. मी तिला सोडून नाही येऊ शकत, आणि तू मला कारणही सांगत नाहीस." तिच्या चपलांचा आवाज दूर गेला. मी शैलाला म्हणालो, जाऊन सांगून टाकतो सगळं. शैलानं माझा दंड धरला. "ते त्यांचं आहे. तुम्ही बसा."

रविवारी मासला सोनकांबळे अर्थातच पहिल्या बाकावर बसले. तो लोलाचा बाक होता. ती आली, पाहिलं, आणि शेजारी बसली. ती गुडघे टेके तेव्हा ते ताठ बसून राहत. तासभर मी मागून त्या दोन पाठींकडे बघत होतो आणि त्यांतली कुठली जास्त हट्टी, ते ठरत नव्हतं.

घरी आलो. मागच्या अंगणात तीन दगडांवर मोठी कढई मांडलेली, तांदूळ धुतलेले, मासे साफ केलेले. कढईखाली काही नाही. लोला खुर्चीत बसली आणि लिगायातर्फे तिनं विचारलं, पाणी एवढं, आणि लाकूड एकही नाही, का?

सोनकांबळ्यांनी टायची गाठ घट्ट केली. लिगाया जमिनीकडे बघत होती. लोलानं मग लेकाला नुसती मान उडवून खूण केली. तातांग उठले. तीन-चार दिवसांत त्यांच्या तोंडून मी दोन शब्द ऐकले नव्हते. बारीक, वाकलेला माणूस, अंगात रविवारचा पांढरा सदरा. त्यांनी बाह्या वर केल्या, कुऱ्हाड उचलली आणि घाव घातला. ढलपी उडाली. दुसरा घाव घातला आणि धाप लागून थांबले. सदऱ्यावर पाठीला घामाचा डाग उमटला. पुन्हा कुऱ्हाड वर गेली.

"थांबा!" सोनकांबळे ओरडले, मराठीत. तातांगना मराठी येत नव्हतं, पण कुऱ्हाड तशीच थांबली.

मग ते इंग्रजीत बोलले. भिंतीवर बसून मला सांगितलं होतं तेच, त्याहून थोडक्यात. पाटलाचं लग्न, बाप, निरोप. लिगाया एकेक वाक्य लोलाला सांगत होती. बहिणीपाशी आली आणि थांबली. सोनकांबळ्यांकडे बघत राहिली. मग कसंबसं तेही सांगितलं.

"म्हणून मी हात लावला नाही," ते म्हणाले. "पण माझ्या लग्नासाठी कुणाच्याच बापानं लाकडं फोडायची नाहीत. यांनीही नाही. मला एवढं सांगा, ही लाकडं माझ्या लग्नाची आहेत का? माझ्या लग्नाची असतील तर मीच फोडतो. नसतील तर तसंच सांगा. मी जातो."

मागणी घालायला गेलेल्या माणसानं असा उलटा जाब विचारलेला मी तरी पाहिला नव्हता. शैलानं माझी बोटं इतकी आवळली होती की नंतर दोन दिवस अंगठी निघाली नाही. लोला सोनकांबळ्यांकडे बघत होती. समुद्र ऐकू येत होता.

तिनं काहीतरी विचारलं.

"बाप आता काय करतो, विचारतेय," लिगाया म्हणाली.

"ओट्यावर बसतो. गॅस घेऊन दिलाय. स्वतः चहा करतो, स्वतः पितो."

हे ऐकून लोला थोडी मागे टेकली. मग जे बोलली ते भराभर, हात उडवत. लिगाया भाषांतर करायच्या आधीच रडायला लागली, त्यामुळे आमचा जीव आणखी टांगणीला. शेवटी नाक ओढत तिनं सांगितलं.

"म्हणतेय, लग्नाचीच आहेत. आणि हे पहिल्या दिवशी बोलला असतास तर माझं घर तरी कोरडं राहिलं असतं. कालपासून पाय ठेवायला जागा नाही, जिकडे तिकडे पाणी."

सोनकांबळे हसले नाहीत. टाय शर्टात खोचला, तातांगच्या हातातून कुऱ्हाड घेतली, पात्यावरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. धार लावायचा दगड मागवला. मग टूलरूमच्या त्या माणसानं ती कुऱ्हाड पाजवायला घेतली ती घेतलीच. तांदूळ वाट बघतायत, मासे वाट बघतायत, लोला दुसऱ्यांदा उपाशी. आणि फोडलेल्या ढलप्यासुद्धा सगळ्या एका मापाच्या. दुपारचं जेवण आम्ही दिवे लावून जेवलो. वाढायला मी होतो. मुलाकडचा म्हणून मला तेवढंच काम दिलं गेलं.

लग्न त्याच वर्षी त्याच चर्चमध्ये झालं. पुढे त्यांना दोन मुली झाल्या. घरी मराठी, इंग्रजी आणि लोलाची भाषा एकाच वाक्यात बोलणाऱ्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमचा कारखाना बंद पडला आणि त्याच सुमाराला लोलानं अंथरूण धरलं. तातांग तोवर गेले होते. लिगाया एकटी जायला निघाली होती. सोनकांबळे म्हणाले, "एकटी कशाला? सगळेच जाऊ. तिथं मोटारबोटींची इंजिनं दुरुस्त करीन." घर विकलं. तसबीर हातातल्या बॅगेत घेतली, सामानात टाकली नाही.

एअरपोर्टला जाणाऱ्या कोचवर आम्ही पोचवायला गेलो. सामान चढलं, मुली चढल्या, लिगाया शैलाच्या गळ्यात पडून मग चढली. सोनकांबळे आत जाऊन बसलेसुद्धा. ड्रायव्हरनं दार लावायला घेतलं, तर हे उठले आणि त्याला थांबवून खाली उतरले. मला वाटलं, काहीतरी राहिलं. ते सरळ शैलापुढे आले. तिचा हात दोन्ही हातांत घेतला, खाली वाकले आणि तिच्या हाताची पालथी बाजू आपल्या कपाळाला लावली. लोलाच्या गावात वडीलधाऱ्यांना असा नमस्कार करतात. मुली रोज करायच्या, सोनकांबळ्यांना मात्र मी कधी कुणापुढे वाकलेलं पाहिलं नव्हतं. क्षणभर तसेच राहिले. मग माझ्याकडे वळले, हात पुढे केला, आणि ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"टा-रा अ बिट, देशपांडे," म्हणाले आणि धावत चढले.

कोच वळणाआड गेली. आम्ही कार पार्कमध्ये आलो. मी किल्ली लावायला गेलो तर ती दाराला लागेना, भोकच दिसेना. मी म्हटलं, "चष्म्यावर पाणी पडलंय. ड्रिझल आहे ना."

शैलानं माझ्या हातातून किल्ली काढून घेतली.

"ऊन पडलंय, अहो," ती म्हणाली. "सरका. गाडी मी चालवते."